अफू सुटत नाही, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते का?

मूळ प्रश्न | शोधयात्री

वैद्यकाच्या इतिहासावरील बऱ्याच पुस्तकांत एक विधान ठरल्यासारखे भेटते. अफूचे व्यसन हा आजार आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अफूतून काढलेल्या मॉर्फीनची इंजेक्शने सर्रास दिली जाऊ लागल्यावर. त्याआधी अफूकडे केवळ एक रामबाण औषध म्हणून पाहिले जाई, असे त्यातून सुचवले जाते. मला हे पटत नाही. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत अफू दोन हजारांहून अधिक वर्षे औषधात वापरली गेली आहे. सोळाव्या शतकात माळव्याची अफू खंबायतच्या बंदरातून जहाजांनी बाहेर जात होती, आणि आपल्याकडच्या दरबारांत, छावण्यांत व बाजारांत ती रोज खाल्ली जात होती. इतक्या लोकांच्या पोटात इतकी वर्षे जाणारा हा पदार्थ खाणाऱ्याला सोडवत नाही, ही गोष्ट रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या वैद्याच्या नजरेतून सुटली असेल, यावर विश्वास बसत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. मॉर्फीनच्या आधीच्या काळात, विशेषतः पंधराव्या ते अठराव्या शतकांत, अफूची मात्रा वाढवावी लागते आणि ती एकाएकी तोडली तर माणसाचे हाल होतात, याच्या वैद्यांनी केलेल्या स्पष्ट नोंदी आहेत का? असल्यास त्यांनी त्यामागचे कारण काय मानले होते? आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत याविषयी काही सापडते का? कवींची वर्णने आणि प्रवाशांच्या ऐकीव गोष्टी शक्यतो बाजूला ठेवून, प्रत्यक्ष औषध देणाऱ्या माणसांनी काय पाहिले, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १ | दप्तरी

अशा नोंदी आहेत, आणि त्यांतली एक महत्त्वाची नोंद आपल्याच मुलखातली आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६८ मध्ये तेथेच वारला. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. या संवादांत रुआनो नावाचा एक काल्पनिक स्पॅनिश वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता स्वतःच्या नावाने उत्तरे देतो. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचे वैद्य म्हणून जाणे-येणे होते. त्यामुळे त्याच्या ग्रंथातील अफूवरचा संवाद हा केवळ जुन्या ग्रीक आणि अरबी पोथ्या चाळून लिहिलेला मजकूर नाही. दख्खनच्या दरबारात जे दिसले, तेही त्यात आले आहे.

त्या संवादात निजामशहाच्या एका चिटणिसाचा उल्लेख आहे. हा गृहस्थ मूळचा खुरासानचा, चांगला शिकलेला आणि लेखनात तरबेज होता. तो दररोज तीन तोळे अफू खात असे. तीन तोळे म्हणजे आजच्या मापाने सुमारे ३५ ग्रॅम, आणि सवय नसलेल्या माणसाचा जीव जायला कच्च्या अफूचे दोनेक ग्रॅम पुरतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. ओर्ता सांगतो की हा माणूस सदा पेंगत असे किंवा झोपलेला असे. मात्र त्याला कामाला लावले की तो एखाद्या विद्वान आणि समंजस माणसाप्रमाणे बोलत असे. एका वैद्याने एका माणसाचे इतके बारकाईने केलेले निरीक्षण त्या काळात दुर्मिळ आहे. मारक मात्रेच्या कितीतरी पट अफू पचवणारे शरीर, दिवसभराची गुंगी आणि त्या गुंगीतही शाबूत राहिलेली बुद्धी, या तिन्ही गोष्टी ओर्ताने काही ओळींत एकत्र टिपल्या आहेत. कामवासना वाढावी म्हणून लोक अफू खातात, पण तिचा परिणाम नेमका उलटा होतो आणि पौरुष खचते, हेही त्याने बजावून ठेवले आहे. अफूने कामवासना वाढते हा समज पुढची तीनशे वर्षे टिकून राहिला, म्हणून त्याचा उल्लेख केला.

अफू तोडल्यावर होणाऱ्या हालांविषयी ओर्ताच्या मागोमाग आलेला क्रिस्तोबाल आकोस्ता अधिक उपयोगाचा आहे. तो गोवा आणि कोचीन येथे राहिला, कोचीनच्या इस्पितळात त्याने काम केले, आणि १५७८ मध्ये स्पेनमधील बुर्गोस येथे आपला ग्रंथ छापला. त्याच्या ग्रंथातील बरेचसे ओर्ताच्या आधाराने लिहिलेले आहे. परंतु एक प्रसंग त्याच्या स्वतःच्या अनुभवाचा आहे. समुद्रप्रवासात त्याच्या जहाजावर काही तुर्क आणि अरब कैदी होते आणि त्यांच्याजवळ लपवून ठेवलेली अफू होती. ती संपत आली तेव्हा त्यांच्यापैकी एकाने वैद्याला गाठून सांगितले की आम्हांला अफू मिळाली नाही तर आम्ही दोन दिवसांत मरू. जहाजावर अफू नव्हती. तेव्हा तिच्या जागी निर्भेळ दारू द्यावी, असे ठरले. ती रोज थोडी थोडी वाढवत दिली गेली. कोणीही दगावले नाही, आणि महिनाभरात त्यांना ना दारूची गरज उरली, ना अफूची इच्छा राहिली.

या प्रसंगात मला सर्वांत बोलकी वाटते ती त्या कैद्याची भीती. आपल्याला काय होणार आहे आणि ते किती दिवसांत होणार आहे, हे खाणाऱ्याला आधीच ठाऊक होते. अफू तुटल्यावरचा सर्वांत कठीण काळ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो, हे आजचे वैद्यकही सांगते. आणि कैद्याने दिलेली मुदत नेमकी तीच आहे. वैद्याने हे ज्ञान रुग्णाकडून घेतले, त्यावर उपचार केला आणि तो छापून ठेवला. सोळाव्या शतकात याहून स्पष्ट पुरावा काय मागावा?

प्रतिसाद २ | निघंटू

आयुर्वेदाबद्दल विचारले आहे, म्हणून लिहितो. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत अफू नाही. ती आपल्या ग्रंथांत मध्ययुगात आली आणि अहिफेन, आफूक अशा नावांनी स्थिरावली. शार्ङ्गधरसंहितेत द्रव्यांच्या गुणांची लक्षणे सांगताना ‘व्यवायि’ गुणाचे उदाहरण म्हणून भांग आणि अहिफेन ही दोन द्रव्ये दिली आहेत. आधी सगळ्या शरीरात पसरायचे आणि पचन त्यानंतर व्हायचे, हे व्यवायि द्रव्याचे लक्षण होय. इतर अन्न आणि औषध आधी पचते, मग त्याचा अंश शरीरभर जातो. अफू मात्र हा क्रम पाळत नाही, हे त्या वैद्याने अनुभवाने ओळखले होते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने तिला ग्राही, म्हणजे मलाला बांधणारी, आणि कफ कमी करणारी म्हटले; त्याचबरोबर ती वात आणि पित्त वाढवते, असाही इशारा दिला. रसशास्त्राने तिला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, घातले आणि आल्याच्या रसाच्या भावना देऊन, म्हणजे त्या रसात पुन्हा पुन्हा घोटून, शुद्ध केल्याशिवाय ती वापरू नये, असा नियम घातला. अतिसारावरच्या कर्पूररसासारख्या कल्पांत ती अशीच शुद्ध करून वापरली गेली.

परंतु येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. मला ठाऊक असलेल्या या ग्रंथांत अफूच्या सवयीची चिकित्सा असा वेगळा अध्याय नाही, आणि केवळ अभिमानापोटी तो आहे असे म्हणू नये. चरकसंहितेच्या मद्यपानाच्या प्रकरणातील ध्वंसक आणि विक्षय हे विकार व्यसन तुटल्यावरच्या अवस्थेचे वर्णन म्हणून काही जण पुढे करतात. मूळ श्लोक वाचला तर ते विकार दारू सोडल्यामुळे होत नाहीत. दारू सोडलेला माणूस पुन्हा एकाएकी अतिप्रमाणात पिऊ लागला, तर ते होतात. दोन्ही अवस्था वेगळ्या आहेत.

खरा धागा चरकाच्या सूत्रस्थानात आहे. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्टसुद्धा एकदम सोडू नये, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. तिचा चौथा हिस्सा कमी करायचा आणि त्या जागी हितकर गोष्टीचा चौथा हिस्सा आणायचा. मग एक, दोन, तीन दिवसांचे अंतर राखत पुढचे हिस्से बदलत जायचे. यालाच पादांशिक क्रम म्हणतात. शरीर ज्याला सरावले आहे ते अपायकारक असले तरी अचानक काढून घेतल्यास शरीर बिघडते, हे तत्त्व त्यामागे आहे. ते सर्व सवयींसाठी सांगितले आहे, अफूसाठी नव्हे. परंतु ज्या वैद्याला हे सूत्र पाठ होते, त्याच्यासमोर अफू खाणारा रोगी आला असता तर त्याने काय केले असते, याचा अंदाज बांधायला ते पुरेसे आहे. आकोस्ताच्या जहाजावर जे घडले, ते तत्त्वतः याच्या जवळचे आहे.

इराणातही हेच दिसते. इमादुद्दीन महमूद शिराझी या सोळाव्या शतकातील हकीमाने केवळ अफूवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि तिची सवय कमी कशी करावी, तिच्या जागी काय द्यावे, याचा विचार तीत केला. एखाद्या द्रव्याची सवय सोडवण्याच्या युक्त्या हकीमाला लिहून ठेवाव्या लागतात, याचा अर्थ त्याच्याकडे असे रोगी वारंवार येत होते.

शोधयात्री

दप्तरी आणि निघंटू, आपले दोघांचेही मनापासून आभार. चरकाचे ते सूत्र मी आहाराच्या संदर्भात वाचले होते. अफूशी त्याची सांगड घालण्याचा विचार मनात आला नव्हता. आता मात्र प्रश्न अधिक अवघड झाला आहे. मात्रा वाढते हे दिसत होते, तोडल्यावर हाल होतात हे दिसत होते, त्यावर उपायही केले जात होते. मग या सगळ्याला आजार म्हणायला १८७० चे दशक का उजाडावे लागले? दिसत असूनही न दिसण्यासारखे त्यांच्या विचारपद्धतीत काय होते?

प्रतिसाद ३ | सायंतारा

माझ्या मते अडचण निरीक्षणात नव्हती. दोष कोणाच्या माथी मारायचा, या हिशेबात होती. थोडे मागे जाऊन सांगते.

दुसऱ्या शतकातील रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस रोज थेरियाक नावाचे बहुद्रव्यी औषध घेत असे आणि त्यात अफूही असे. त्याचा वैद्य गॅलेन लिहून ठेवतो की दिवसा कामाच्या वेळी गुंगी येऊ लागली, म्हणून सम्राटाने औषधातून अफू काढायला लावली. पण मग रात्री झोप येईना, आणि ती पुन्हा घालावी लागली. सम्राट व्यसनी होता की नाही, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मला त्यात गॅलेनने दिलेले कारण महत्त्वाचे वाटते. झोप न येण्याचे कारण त्याने आधीच्या सवयीत शोधले, औषधात नव्हे. अकराव्या शतकात अल-बिरूनीने आपल्या औषधिग्रंथात लिहिले की उष्ण मुलखातील, विशेषतः मक्केतील लोक उन्हाचा ताप सोसवावा आणि गाढ झोप लागावी म्हणून रोज अफू घेऊ लागतात. सुरुवात लहान मात्रेने होते आणि ती वाढत वाढत मारक मात्रेपर्यंत जाते. मात्रा चढत जाण्याचे इतके नेमके वर्णन असूनही ते ‘त्या लोकांची रीत’ म्हणूनच आले.

त्या काळच्या विचारात अफू ही अतिशीत द्रव्य होती, म्हणजे शीतपणाच्या चार पायऱ्यांपैकी शेवटच्या, चौथ्या पायरीची. अशा द्रव्याने शरीर गारठून मरायला हवे. तरीही कोणी रोज खाऊन जगत असेल, तर त्याची प्रकृतीच सवयीने पालटली आहे, असे मानले जाई. विषाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन विषाला न जुमानणाऱ्या मिथ्रिडेटीस राजाची कथा प्रत्येक वैद्याला ठाऊक होती. या चौकटीत अफू खाणारा माणूस रोगी ठरत नव्हता. तो वेगळ्या प्रकृतीचा ठरत होता. युरोपीय वैद्यांनी त्यात आणखी एक भर घातली. तुर्क, अरब आणि हिंदुस्थानी लोकांची प्रकृतीच तशी असते, आपल्याकडच्या रोग्यांना त्याची चिंता नको, असे त्यांनी गृहीत धरले. हे गृहीतक मला फार घातक वाटते, कारण त्यामुळे गोव्याहून आणि इराणातून आलेले ज्ञान लंडनच्या रोग्याला लावायचे असते, हेच कोणाला सुचेना. सतराव्या शतकात टॉमस सिडनहॅमसारखा नामांकित वैद्य शेरी दारूत अफू, केशर, दालचिनी आणि लवंग घालून केलेले लॉडनम मुक्तपणे देत होता, आणि ईश्वराने माणसाचे दुःख हलके करण्यासाठी दिलेल्या औषधांत अफूइतके सर्वव्यापी आणि गुणकारी दुसरे नाही, अशी त्याची धारणा होती.

याच लंडनमध्ये १७०० मध्ये जॉन जोन्स या वैद्याने अफूवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. तोही अफूचा मोठा भोक्ता. तिच्या सुखाचे त्याने पानेच्या पाने वर्णन केले आहे. पण दीर्घकाळ आणि सढळ हाताने घेतलेली अफू एकाएकी सोडल्यास काय होते, हे सांगताना तो असह्य यातना, घालमेल आणि मनाची खचलेली अवस्था यांचा उल्लेख करतो, आणि माणूस पुन्हा अफूकडे वळला नाही तर शेवट बहुधा मरणात होतो, असे म्हणतो. यातून त्याने काढलेला निष्कर्ष लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. अपाय अफूच्या राळेसारख्या भागामुळे होतो, तो पोटाला चिकटून बसतो, आणि तेवढा काढून टाकला तर उरलेली अफू निर्धोक होईल, असे त्याचे मत होते.

यापुढची दोनशे वर्षे मला या एका आशेचा इतिहास वाटतात. प्रत्येक पिढीला वाटले की अपाय अफूच्या कुठल्यातरी एका भागात किंवा ती घेण्याच्या पद्धतीत आहे, आणि तेवढे बदलले की गुण तेवढे हाती राहतील. जर्मन औषधविक्रेता फ्रीडरिख झेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फीन वेगळे केले आणि १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात स्वतःवर व तीन तरुणांवर केलेल्या प्रयोगाची हकिकत दिली. अर्धा अर्धा ग्रेन थोड्या थोड्या अंतराने तीनदा घेतल्यावर चौघांनाही विषबाधेची लक्षणे दिसू लागली आणि ओकारी व्हावी म्हणून त्यांना कडक व्हिनेगर प्यावे लागले. एका दिवसाच्या प्रयोगात सवय दिसणे शक्य नव्हते. पुढे १८५० च्या दशकात एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड याने पोकळ सुईने मॉर्फीन कातडीखाली दुखऱ्या नसेजवळ सोडायला सुरुवात केली. तेव्हा अनेक डॉक्टरांची समजूत झाली की अफूची ‘भूक’ पोटात असते. पोट वगळले की सवयही टळेल. सुई आणि औषध रोग्याच्या घरीच ठेवले जाऊ लागले.

ही समजूत मोडायला फार वर्षे लागली नाहीत. १८७० मध्ये क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरने जाहीर शंका घेतली की ज्या वेदनेसाठी इंजेक्शन सुरू केले ती वेदना आता इंजेक्शनच टिकवून ठेवत आहे. १८७७ मध्ये बर्लिनजवळच्या रुग्णालयात काम करणाऱ्या एडुआर्ड लेव्हिनश्टाइन याने मॉर्फीनच्या व्यसनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जुलाब, उलट्या, अस्वस्थता, नाडी ढासळणे अशी तोडल्यानंतरची लक्षणे त्याने दिवसागणिक नोंदली. त्याची चिकित्सा मात्र कठोर होती. रोग्याला पहाऱ्यात, बंद खोलीत ठेवून मॉर्फीन एका फटक्यात तोडायचे. तीनशे वर्षांपूर्वी जहाजावर वापरलेली रीत याहून दयाळू होती.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. लक्षणे जुनीच होती. बदलला तो रोगी. सुई टोचून घेणारे बहुतेक लोक डॉक्टरांच्याच वर्गातले, त्यांच्याच ओळखीतले, आणि कित्येकदा स्वतः डॉक्टर होते. त्यांना परक्या प्रकृतीचे म्हणून बाजूला सारता येईना, आणि त्यांना ही सवय डॉक्टरच्याच हातून लागली होती.

प्रतिसाद ४ | गिरणगाव

सायंतारा यांच्या शेवटच्या मुद्द्याला मुंबईच्या बाजूने पुस्ती जोडतो.

युरोपात १८७७ मध्ये आजार ठरलेली गोष्ट हिंदुस्थानात त्यानंतरही आजार ठरली नाही. अफूच्या प्रश्नावर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शाही आयोगाने १८९३-९४ च्या हिवाळ्यात येथे साक्षी घेतल्या. अनेक सरकारी डॉक्टरांनी सांगितले की माफक प्रमाणात अफू खाणारा हिंदी माणूस आपले काम नीट करतो आणि हिवतापाच्या मुलखात तर तिचा फायदाच होतो. अफूतील नार्कोटीन हे द्रव्य तापावर गुणकारी आहे, असा समज तेव्हा प्रचलित होता. आयोगाने सरकारच्या अफूव्यापाराला बाध येईल असा निष्कर्ष काढला नाही. निजामशहाचा पेंगणारा पण हुशारीने बोलणारा चिटणीस ओर्ताने कुतूहलाने टिपला होता. आयोगापुढे तशाच माणसांचे दाखले अफू निरुपद्रवी असल्याचा पुरावा म्हणून मांडले गेले. माणूस काम करू शकतो का, एवढेच विचारले गेले. तो अफू सोडू शकतो का, या प्रश्नाला त्या मानाने फार कमी जागा मिळाली.

आणि याच मुंबईत बाळगोळी विकली जात होती. गिरणीत कामाला जाणारी आई सकाळी तान्ह्या मुलाला अफूची बारीकशी गोळी चाटवत असे, म्हणजे तिची कामाची पाळी संपेपर्यंत ते झोपून राही. घरी दुसरे कोणी नसे, गिरणीत मूल ठेवायची सोय नसे, आणि खाडा केला तर मजुरी बुडे. त्या बाईला दुसरा मार्ग नव्हता, हे आधी नोंदवले पाहिजे. १९२० च्या दशकाच्या आरंभी गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी झाली, तेव्हा ही प्रथा किती सर्रास आहे, ते सरकारदप्तरी आले.

व्यसनाच्या वैद्यकीय इतिहासात या मुलांना जागा मिळायला हवी, असे मला फार वाटते. स्वभावाचा दुबळेपणा, चैनीची ओढ, पौर्वात्य प्रकृती, अशी जी कारणे डॉक्टर देत आले, त्यांतले एकही पाळण्यातल्या मुलाला लागू होत नाही. गोळी चुकली की तेही मूल किरकिरे होते, झोपत नाही, अंगावर पीत नाही आणि त्याला जुलाब होतात. आणि पुन्हा गोळी दिली की ते शांत होते. आकोस्ताच्या जहाजावरील कैद्याला आपली भीती शब्दांत सांगता आली होती, म्हणून ती नोंद आपल्यापर्यंत पोहोचली. शोधयात्री यांनी हा शोध पुढे न्यायचा ठरवला, तर मुंबई इलाख्यातील कामगार स्त्रियांविषयीचे जुने सरकारी अहवाल आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचे वार्षिक वृत्तांत जरूर पाहावेत; अफूविषयीची माहिती तेथे अबकारीच्या मथळ्याखाली कमी आणि बालमृत्यूच्या मथळ्याखाली जास्त सापडते.